सार्वजनिक कर्ज व अर्थसंकल्पीय तूट

सरकारचा एका वर्षाचा खर्च त्या वर्षीच्या कर व करेतर उत्पन्नाहून जास्त झाला, तर त्या फरकास अर्थसंकल्पीय तूट म्हणतात. अशा तुटी भरून काढण्यासाठी वेळोवेळी उभारलेल्या आणि अद्याप न फेडलेल्या रकमांची बेरीज म्हणजे सार्वजनिक अथवा राष्ट्रीय कर्ज. तूट एका कालखंडाची असते, कर्ज एका तारखेचे असते. त्यामुळे तूट निम्म्यावर आली तरी कर्जाची रक्कम वाढतच राहते, फक्त वाढीचा वेग मंदावतो. हा साधा भेद सार्वजनिक चर्चेत वारंवार सुटतो आणि ‘तूट घटली’ याचा अर्थ ‘कर्ज घटले’ असा घेतला जातो. व्याजाचा खर्च वगळून मोजलेल्या तुटीस प्राथमिक तूट म्हणतात. कर्जवाढीची कारणे शोधताना तीच विशेष उपयोगी पडते.

उगम : राजांनी सावकारांकडून कर्ज काढण्याची प्रथा फार जुनी आहे, पण ते कर्ज राजाच्या व्यक्तिगत पतीवर उभे असे. तो मेला तर वारस ते मानीलच याची खात्री नसे, आणि जिवंत असतानाही तो देणी थांबवू शके. स्पेनच्या दुसऱ्या फिलिपने १५५७, १५६०, १५७५ व १५९६ अशी चार वेळा देणी स्थगित केली. खऱ्या अर्थाने सार्वजनिक म्हणावे असे कर्ज तेव्हाच संभवते, जेव्हा ऋणको ही व्यक्ती नसून न मरणारी संस्था असते आणि व्याजासाठी ठरावीक कराचे उत्पन्न बांधून दिलेले असते. असे कर्ज प्रथम कोठे उद्भवले, याविषयी एकमत नाही.

एका मतानुसार उगमाचा मान व्हेनिसकडे जातो. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे श्रीमंत नागरिकांकडून सक्तीची कर्जे घेतली जाऊ लागली. १२६२ मध्ये ही विखुरलेली देणी एकत्र करून त्यांवर ५ टक्के व्याज निश्चित करण्यात आले. पुढे या कर्जातील हिस्से विकता येऊ लागले, गहाण पडू लागले आणि मुलींच्या हुंड्यातही दिले जाऊ लागले. फ्लॉरेन्सने चौदाव्या शतकाच्या चाळिशीत तशीच व्यवस्था केली. जेनोआत १४०७ मध्ये स्थापन झालेल्या सान जॉर्जो संस्थेकडे धनकोंचा संघ म्हणून नगराच्या कित्येक करांची वसुलीच सोपविली गेली. या मतावरचा मुख्य आक्षेप असा, की सक्तीने घेतलेली रक्कम हे कर्ज नसून परताव्याची आशा दाखविणारा कर होय. दुसऱ्या मताचे अभ्यासक म्हणून उत्तर फ्रान्स व फ्लँडर्समधील नगरांकडे बोट दाखवतात. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धापासून ही नगरे वार्षिकी विकत. नागरिक एकरकमी पैसे भरी आणि नगर त्याला आजन्म किंवा वंशपरंपरेने दरवर्षी ठरावीक रक्कम देई. व्यवहार स्वेच्छेचा होता, आणि मुद्दल परत मागण्याचा हक्क धनकोला नसल्याने तो व्याजबट्ट्याच्या धार्मिक निषेधातूनही सुटत असे. पोप पाचवा मार्टिन (१४२५) व तिसरा कॅलिक्स्टस (१४५५) यांच्या आज्ञापत्रांनी अशा वार्षिकींना मान्यता दिली. इटलीत मात्र हा वाद बराच तीव्र झाला. फ्लॉरेन्सच्या कर्जावरील व्याज घेणे पाप आहे काय, यावर फ्रान्सिस्कन पंडितांनी व्याजाची बाजू घेतली, तर डोमिनिकन व ऑगस्टिनियन पंथीयांनी विरोध केला. हिश्श्यांची बाजारात विक्री हा निकष धरला तर व्हेनिसचा दावा अधिक बळकट दिसतो. उत्तरेकडील वार्षिकीचा नमुना मात्र पुढे जास्त टिकला. सोळाव्या शतकात हॉलंड प्रांताच्या प्रतिनिधिसभेने आपल्या जबाबदारीवर, करांच्या तारणावर वार्षिकी विकल्या, आणि इंग्लंडमधील व्यवस्थेमागे हीच परंपरा असावी असे मानण्याकडे कल आहे.

इंग्लंडमधील आरंभाची तारीखही वादातीत नाही. १६७२ मध्ये दुसऱ्या चार्ल्सने राजकोषाची देणी थांबविल्याने अनेक सराफ बुडाले. त्यानंतर फ्रान्सशी चाललेल्या युद्धाच्या खर्चासाठी १६९३ च्या आरंभी पार्लमेंटने कायद्याने १० लाख पौंडांचे कर्ज काढले. काही ग्रंथकार हाच राष्ट्रीय कर्जाचा जन्म समजतात. इतर जण १६९४ हे वर्ष धरतात, कारण त्या वर्षी स्थापन झालेल्या बँक ऑफ इंग्लंडने सरकारला १२ लाख पौंड ८ टक्के व्याजाने दिले. १६८८ च्या क्रांतीमुळे राजाचे हात बांधले गेले आणि म्हणून सरकारची पत वाढली, हे डग्लस नॉर्थ व बॅरी वाइनगास्ट यांचे १९८९ मधील प्रतिपादन प्रसिद्ध आहे. व्याजदर मात्र लगेच उतरले नाहीत. ते लक्षणीय घटण्यास काही दशके लागली. म्हणून राज्यघटनात्मक बदलाइतकेच श्रेय नियमित कर वसूल करणाऱ्या नोकरशाहीलाही द्यावे लागते. अठराव्या शतकाच्या मध्यास निरनिराळी कर्जे एकत्र करून ३ टक्क्यांचे ‘कॉन्सोल’ रोखे काढण्यात आले. त्यांना परतफेडीची तारीख नव्हती. त्यांतील अखेरचे रोखे २०१५ मध्ये फेडले गेले.

कर्जनिवारण निधी : कर्ज फेडण्यासाठी दरवर्षी काही रक्कम वेगळी काढून तिच्या चक्रवाढीवर विसंबण्याची कल्पना रॉबर्ट वॉलपोलच्या १७१७ च्या योजनेत आढळते. १७८६ मध्ये ब्रिटिश पंतप्रधान धाकट्या पिटने दरवर्षी १० लाख पौंड बाजूला ठेवण्याचा कायदा केला. त्यामागे रिचर्ड प्राइसचे गणित होते. येशूच्या जन्मावेळी ५ टक्क्यांनी गुंतविलेल्या एका पेनीचे चक्रवाढीने पृथ्वीएवढे कोट्यवधी भरीव सोन्याचे गोळे होतील, असे त्याने दाखविले होते. गणितात चूक नव्हती, पण ते व्याज देणारे सरकारच होते. युद्धकाळात तर नवे कर्ज चढ्या दराने काढून ती रक्कम निधीत भरली जाई. रॉबर्ट हॅमिल्टनने १८१३ मध्ये ही विसंगती उघड केली. खर्चाहून उत्पन्न जास्त असल्याखेरीज कर्ज घटू शकत नाही, हे त्याचे प्रतिपादन अखेर मान्य झाले आणि १८२९ मध्ये तो निधी मोडीत निघाला.

वाढीचे गणित : कर्जाची रक्कम एकटी फारसे सांगत नाही. ती राष्ट्रीय उत्पन्नाशी ताडून पाहावी लागते. हे गुणोत्तर दोन गोष्टींनी हलते. एक, प्राथमिक तूट. दुसरी, कर्जावरील सरासरी व्याजदर आणि उत्पन्नवाढीचा दर यांतील अंतर. कर्ज उत्पन्नाइतकेच, म्हणजे १०० टक्के आहे, व्याजदर ६ टक्के आणि उत्पन्नवाढ ४ टक्के आहे असे मानले, तर गुणोत्तर आहे तिथेच ठेवण्यासाठी दरवर्षी उत्पन्नाच्या सुमारे २ टक्के प्राथमिक शिल्लक (व्याज वगळता खर्चाहून जास्त उत्पन्न) काढावी लागेल. हे दर उलट असतील, तर तेवढीच प्राथमिक तूट ठेवूनही गुणोत्तर स्थिर राहील. एव्हसी डोमारने १९४४ मध्ये दाखविले, की दरवर्षी तूट असली तरी गुणोत्तर अमर्याद वाढतेच असे नाही. एकूण तूट कायम ३ टक्के व चालू किमतींतील उत्पन्नवाढ ५ टक्के असेल, तर कर्ज ढोबळमानाने ६० टक्क्यांवर येऊन थांबते. सुरुवात २० टक्क्यांपासून होवो वा १०० पासून, शेवट तोच. युरोपीय संघाच्या १९९२ च्या मास्ट्रिख्ट करारातील तुटीची ३ व कर्जाची ६० टक्क्यांची अशा मर्यादा या हिशेबात नेमक्या बसतात. ही वाढ पाच टक्क्यांखाली घसरली, की त्या दोन आकड्यांचा परस्परमेळ राहत नाही.

इतिहासही याला पुष्टी देतो. नेपोलियनशी झालेल्या युद्धांनंतर ब्रिटनचे कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे दुप्पट होते, असे अंदाज आहेत. पहिल्या महायुद्धाच्या आरंभापर्यंत ते उत्पन्नाच्या जवळजवळ पाव हिश्श्यावर आले. या शंभर वर्षांत कर्जाची रक्कम त्या मानाने थोडीच घटली, उत्पन्न मात्र अनेक पटींनी वाढले. दुसऱ्या महायुद्धानंतर ते पुन्हा उत्पन्नाच्या सुमारे अडीचपट झाले. या वेळी ते उतरविण्यात आर्थिक वाढीबरोबर महागाईचा आणि नियंत्रणांनी खाली दाबून ठेवलेल्या व्याजदरांचाही वाटा होता. म्हणजे रोखेधारकांनी न सांगता एक कर भरला. कर्ज जवळजवळ संपूर्ण फेडल्याचे ठळक उदाहरण अमेरिकेचे. अँड्र्यू जॅक्सनच्या कारकिर्दीत, जानेवारी १८३५ मध्ये, तेथील केंद्रीय कर्ज जवळजवळ शून्यावर आले, परंतु ती स्थिती टिकली नाही. १९९८ ते २००१ या चार वित्तीय वर्षांत तेथे शिल्लक होती. २००८ मध्ये १० लाख कोटी डॉलर ओलांडलेले एकूण कर्ज २०२४ च्या आरंभी ३४ लाख कोटींवर गेले होते. या आकड्यात सरकारच्याच सामाजिक सुरक्षा इत्यादी निधींना असलेले देणेही धरलेले आहे. जनतेच्या हाती असलेले कर्ज त्याहून कमी आहे. जपानचे ढोबळ कर्ज उत्पन्नाच्या दुपटीहून अधिक आहे, पण सरकारची वित्तीय मालमत्ता वजा केल्यास ते बरेच खाली येते. दोन देशांची तुलना करताना कोणते माप वापरले हे आधी पाहिले पाहिजे.

भाराविषयीचे वाद : जाँ फ्राँस्वा मलोँ याने १७३४ मध्ये अंतर्गत कर्जास उजव्या हाताने डाव्या हाताला दिलेले देणे म्हटले. डेव्हिड ह्यूमने १७५२ मध्ये याउलट असा इशारा दिला, की राष्ट्राने सार्वजनिक पत संपविली नाही तर ती पतच राष्ट्राला संपवील. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डोने युद्धखर्च करातून भागविणे आणि कर्जातून भागविणे हे हिशेबाने समान असल्याचे मांडले, मात्र लोक प्रत्यक्षात तसे वागत नाहीत, हेही नोंदविले. रॉबर्ट बॅरोने १९७४ मध्ये ही समानता नव्याने मांडली आणि भावी कराच्या जाणिवेने लोक आजच बचत वाढवतात, असा निष्कर्ष काढला. रिकार्डोची स्वतःची शंका येथे अधिक ग्राह्य वाटते. कार्मेन राइनहार्ट व केनेथ रोगॉफ यांच्या २०१० च्या निबंधातून कर्ज उत्पन्नाच्या ९० टक्क्यांपलीकडे गेले की वाढ खुंटते, अशी समजूत पसरली. २०१३ मध्ये त्या आकडेमोडीत संगणकीय तक्त्यातील चूक व काही देशांची गळती आढळली. जास्त कर्ज व मंद वाढ यांचा संबंध त्यानंतरही दिसतो, पण ठरावीक उंबरठा मानण्यास आधार उरला नाही. मंदीमुळेच कर्ज वाढते, की कर्जामुळे मंदी येते, हा प्रश्नही शिल्लक आहे.

विदेशी चलनातील कर्ज हे वेगळेच प्रकरण आहे. सरकार स्वतःचे चलन छापू शकते, परके नाही. शिवाय विनिमयदर कोसळला, की एक पैही नवे न काढता कर्ज फुगते. मेक्सिको (१९८२), अर्जेंटिना (२००१) व श्रीलंका (२०२२) यांची संकटे या वर्गातील होत. ऑटोमन साम्राज्याने १७७५ पासून कर-उत्पन्नाचे हिस्से प्रजेस विकले. क्रिमियाच्या युद्धापासून ते युरोपीय बाजाराकडे वळले, १८७५ मध्ये देणी थकली, आणि १८८१ मध्ये अनेक करांची वसुली धनकोंच्या प्रतिनिधींच्या मंडळाकडे गेली. इजिप्तची देणी १८७६ मध्ये थकली. १८८२ मध्ये त्या देशावर ब्रिटिश ताबा आला.

कायदेशीर मर्यादा : अमेरिकेतील कर्जमर्यादेचे मूळ १९१७ च्या युद्धरोख्यांच्या कायद्यात आहे. ती आधीच मंजूर झालेल्या खर्चाला नव्हे, तर त्यासाठी कर्ज काढण्याला अडवते. त्यामुळे मर्यादा न वाढविल्यास देणी थकण्याचा धोका उभा राहतो. जर्मनीने २००९ मध्ये राज्यघटनेतच तरतूद करून केंद्राची संरचनात्मक तूट (तेजी-मंदीचा परिणाम वगळून मोजलेली तूट) उत्पन्नाच्या ०.३५ टक्क्यांवर बांधून घेतली. मार्च २०२५ मधील दुरुस्तीने उत्पन्नाच्या १ टक्क्यावरील संरक्षणखर्च या बंधनातून वगळला आणि पायाभूत सोयींसाठी ५०० अब्ज युरोंच्या स्वतंत्र कर्जाची वाट मोकळी केली.