पश्चात्ताप आधी ओळखता येतो का?

लिंगबदलाच्या उपचारांपूर्वी मानसशास्त्रीय तपासणी सक्तीची असावी का, हा वाद रंगतो तेव्हा दोन्ही बाजू एक गोष्ट न बोलता मान्य करून टाकतात. ती अशी, की नीट तपासणी केली तर पुढे कोणाला पश्चात्ताप होणार हे तज्ज्ञांना कळतं. एक बाजू म्हणते, म्हणून तपासणी हवीच. दुसरी विचारते, कळलं तरी अडवणारे तुम्ही कोण? पण मुळात ते कळतं का, हा प्रश्न गणिताचा आहे.

2021 साली 27 अभ्यास आणि सुमारे 7,900 रुग्णांची माहिती एकत्र करून एक विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यात शस्त्रक्रियेनंतर पश्चात्ताप झालेल्यांचं प्रमाण साधारण 1 टक्का निघालं. सध्या तोच आकडा धरू. आता एक काल्पनिक चाचणी घ्या, तीही भरपूर चांगली. पुढे पश्चात्ताप होणाऱ्या 100 जणांपैकी 80 जणांना ती ओळखते आणि न होणाऱ्या 100 पैकी 90 जणांना बरोबर सोडून देते. मानवी मनाबद्दल इतका अचूक अंदाज बांधणारी चाचणी मिळाली तर मानसशास्त्रज्ञ पेढे वाटतील!

हजार लोकांची तपासणी झाली. त्यांतल्या 10 जणांना पुढे पश्चात्ताप होणार आहे. चाचणीने 8 पकडले, 2 निसटले. उरलेल्या 990 पैकी 10 टक्के, म्हणजे 99 जणांवर तिने विनाकारण लाल खूण केली. एकूण खुणा 107, त्यांतल्या खऱ्या 8. म्हणजे चाचणीने अडवलेल्या दर तेरा-चौदा माणसांत योग्य कारणाने अडवलेला एक. तीच चाचणी पश्चात्तापाचं प्रमाण 10 टक्के असलेल्या गटाला लावा: खुणा 170, खऱ्या 80. जवळजवळ निम्म्या! चाचणी तसूभरही बदललेली नाही, बदललं ते फक्त मूळ प्रमाण. दुर्मीळ गोष्ट हुडकणाऱ्या कुठल्याही चाचणीला, मग ती कर्करोगाची असो वा विमानतळावरची, हे गणित चुकत नाही.

आता या 1 टक्क्यालाच एक मेख आहे. या आकड्यातले बहुतेक लोक आधीच कुठल्या ना कुठल्या तपासणीतून पार झालेले होते. तेव्हा तपासणीचे समर्थक म्हणणार, आकडा कमी आहे तो गाळणीमुळेच. विरोधक म्हणणार, गाळणी नसती तरी तो इतकाच आला असता. ज्यांना परत पाठवलं त्यांचं पुढे काय झालं हे या आकडेवारीत येतच नाही, त्यामुळे तिच्या बळावर दोघांपैकी कोणीच दुसऱ्याला खोटं पाडू शकत नाही. शिवाय काही अभ्यासांत रुग्णांचा मागोवा थोडाच काळ घेतलेला आहे.

गाळणी लावली की माणसं गाळणीच्या मापाची होतात, हा आणखी एक घोटाळा. 1966 मध्ये लिंगबदलाचे उपचार करणारे अमेरिकेतले डॉक्टर हॅरी बेंजामिन यांचं या विषयावरचं पुस्तक आलं. पुढच्या काळात क्लिनिकमध्ये येणाऱ्यांच्या कहाण्या त्यातल्या वर्णनाशी तंतोतंत जुळू लागल्या. कारण साधं होतं, रुग्णांनीही ते पुस्तक वाचलं होतं. परीक्षा पास व्हायची असेल तर शंका बोलून दाखवायची नाही, हे त्यांना कळलं. जी शंका डॉक्टरांनी ऐकायला हवी तीच अशी दडवली गेली.

(मेंदूचा स्कॅन किंवा रक्तातली हार्मोनची पातळी बघून 'तुम्ही ट्रान्स आहात की नाही' सांगतो, असं कोणी म्हणालं तर उठून घरी जा. समुपदेशनाच्या, संमोहनाच्या किंवा मंत्राच्या जोरावर लिंगभाव, म्हणजे आपलं लिंग कोणतं ही मनातली जाणीव, 'सरळ' करून देणाऱ्याकडे तर जाऊच नका.)

तर तपासणी मोडीत काढावी का? माझं मत तसं नाही. भविष्य सांगणं तिला जमत नसलं तरी आजची स्थिती ती बरीच नीट सांगू शकते. समोरच्या व्यक्तीला उपचार समजले आहेत का? टेस्टोस्टेरॉनने घोगरा झालेला आवाज औषध बंद केल्यावर पूर्ववत होत नाही, इस्ट्रोजेनने वाढलेले स्तन तसेच राहतात, प्रजननक्षमतेवर परिणाम होऊ शकतो, हे माहीत आहे का? बीजांडं किंवा शुक्राणू गोठवून ठेवायचे आहेत का? तीव्र नैराश्य किंवा भ्रम असतील तर त्यांवर उपचार चालू आहेत का? यात पास-नापास नाही, आणि म्हणून खोटं बोलायचं कारणही कमी.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये मंजूर केलेल्या आजारांच्या यादीत लिंगविसंगती, म्हणजे जन्मावेळी ठरवलेलं लिंग आणि स्वतःला जाणवणारं लिंग यांचा मेळ नसणं, मनोविकारांच्या प्रकरणातून बाहेर काढली. डब्ल्यूपाथ या तज्ज्ञ-संघटनेच्या जुन्या मार्गदर्शिकेत जननेंद्रियांच्या शस्त्रक्रियेसाठी तपासणी करणाऱ्या दोन तज्ज्ञांची शिफारसपत्रं लागत. 2022 च्या आवृत्तीत प्रौढांसाठी एक पुरतं.

अठरा वर्षांखालच्यांसाठी मात्र तीच आवृत्ती सविस्तर तपासणी मागते. तिथे पेच वेगळा आहे. तपासणी लांबली म्हणून यौवन थांबून राहत नाही. आवाज फुटतो, स्तन वाढतात, आणि नंतर ते बदलणं अवघड होतं. दुसरीकडे यौवन थोपवणाऱ्या औषधांचा पुरावा कमकुवत असल्याचं इंग्लंडमधल्या बालरोगतज्ज्ञ हिलरी कॅस यांच्या अहवालाने 2024 मध्ये नोंदवलं आणि त्याच वर्षी तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने लिंगविसंगतीसाठी ती नेहमीच्या उपचारांतून काढून संशोधनापुरती ठेवायचं ठरवलं.