म्युलरचा मिलर कोणी केला? एका जर्मन आडनावाची पार्श्वभूमी

पुण्यात किंवा मुंबईत मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकलेल्यांना म्युलर या आडनावाचं काही कौतुक राहत नाही, कारण धड्यात, व्याकरणाच्या सरावात, फोनवरच्या संवादात कुठे ना कुठे हेर म्युलर किंवा फ्राउ म्युलर भेटतातच. साहजिक आहे, जर्मनीतलं पहिल्या नंबरचं आडनाव तेच, श्मिट त्याच्या मागे, आणि स्वित्झर्लंडमध्येही म्युलरच पहिला. ज्या विद्वानाच्या नावाने ते भवन आहे त्यालाही हाच वैताग होता. ऑक्सफर्डला स्थिरावल्यावर नुसतं म्युलर फारच सरसकट वाटायला लागलं म्हणून त्याने पाळण्यातल्या नावांपैकी मॅक्स हे आडनावाला जोडून टाकलं, आणि आपण आजही ते एकच शब्द असल्यासारखं म्हणतो.

तर पहिली गोष्ट, म्युलर म्हणजे चक्कीवाला, इंग्रजीतला मिलर, आणि ‘म्युलर घराणं’ असं काही नाही. सगळे जोशी जसे एकाच वाड्यातून निघालेले नाहीत तसंच हे. पाणचक्की जवळपास प्रत्येक गावात, पण गावात बहुतेक एकच, त्यामुळे त्या गावापुरतं ‘चक्कीवाला योहान’ म्हटलं की माणूस बरोबर सापडायचा, आणि अशी हजारो गावं एकत्र मोजली की तेच आडनाव देशात सगळ्यात जास्त होतं. ऱ्हाइनकाठच्या शहरांमध्ये १२व्या शतकापासून आडनावं रुळायला लागली, खेड्यांत पोचायला १५वं-१६वं शतक उजाडलं. उत्तरेकडे म्योलर, आग्नेयेकडे म्युलनर, लॅटिन शिकलेल्या हौशी लोकांचं मोलिटोर, आणि हंगेरीत गेलेल्यांपैकी काहींनी १९व्या शतकात सरळ हंगेरियन मोल्नार करून घेतलं. चक्कीवाल्याला मान होता असं मात्र समजू नका. जहागीरदाराच्याच चक्कीवर दळायची कुळांना सक्ती असायची, त्यामुळे चक्कीवाला म्हणजे दळणात हात मारणारा हा समज पक्का, आणि काही भागांत त्याच्या पोरांना इतर धंद्यांच्या संघात घ्यायचेसुद्धा नाहीत. हे लोक बाकीच्यांसारखेच इभ्रतदार धरावेत असं १६व्या शतकात तेव्हाच्या पवित्र रोमन साम्राज्याला फर्मान काढून सांगावं लागलं.

आता स्थलांतर, म्हणजे अमेरिकेत गेलेल्या म्युलरांचे मिलर कसे झाले ते. १६८३ मध्ये क्रेफेल्टची १३ कुटुंबं फिलाडेल्फियाजवळ जर्मनटाउनला जाऊन वसली तिथून सुरुवात धरतात, पण म्युलर लोकांचा खरा लोंढा फाल्त्स भागातून निघाला, ज्याला इंग्रज पॅलाटिनेट म्हणायचे. आधी फ्रेंच फौजांनी तो भाग जाळून बेचिराख केलेला, वरून कर, वाटण्या होऊन होऊन तुकडे झालेली शेती, आणि त्यात १७०८-०९ चा हिवाळा असा आला की द्राक्षांचे वेल मुळासकट गेले. १७०९ मध्ये १३ हजारांच्या आसपास माणसं ऱ्हाइनने खाली उतरून लंडनला पोचली, तिथे ब्लॅकहीथच्या माळावर तंबू ठोकून सरकारने त्यांना ठेवलं. त्यातल्या सुमारे तीन हजारांना १७१० मध्ये न्यूयॉर्कला पाठवलं, हडसन नदीकाठी पाइनच्या झाडांपासून आरमारासाठी डांबर काढायला. ती योजना फसली, माणसं पांगली. पुढची जहाजं मग बहुतेक फिलाडेल्फियालाच लागायला लागली.

आणि इथे एक गंमत आहे जी लोकांच्या लक्षातच येत नाही. फाल्त्स, श्वाबिया या भागांच्या बोलीत म्युलरमधला तो गोल ओठांचा स्वर नाहीच. लिहिताना म्युलर, पण तोंडाने मिलर. म्हणजे माणूस अमेरिकेत उतरायच्या आधी, त्याच्या आजोबाच्या तोंडातही ‘मिलर’च होतं, आणि दक्षिण जर्मनीत आजही मिलर असंच लिहिणारी घरं आहेत ज्यांचा इंग्लंड-अमेरिकेशी काही संबंध नाही. १७२७ पासून फिलाडेल्फियात उतरणाऱ्या १६ वर्षांवरच्या परदेशी पुरुषांना राजनिष्ठेची शपथ घ्यावी लागायची, तेव्हाच्या याद्या शिल्लक आहेत. एक यादी कप्तानाने दिलेली, कानाला ऐकू आलं तसं इंग्रजी स्पेलिंग. दुसरी शपथेची, त्यात ज्याला लिहिता येतं त्याची स्वतःची सही, जर्मन वळणाच्या अक्षरात, आणि ज्याला येत नाही त्याची खूण. एकाच माणसाचं नाव दोन याद्यांत दोन तऱ्हांनी, आणि यात कोणी कोणाला फसवलेलं नाही, कारकुनाने जे ऐकलं ते लिहिलं. ओहायोतल्या होम्स काउंटीत आमिश या जुन्या वळणाच्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांमध्ये तर मिलर इतके आहेत की टोपणनाव नाहीतर बापाचं-आजाचं नाव लावल्याशिवाय माणूस कळत नाही, आणि ही मंडळी घरात आजही जर्मनचीच एक बोली बोलतात.

न्यूयॉर्क बंदरात स्थलांतरितांना तपासून घ्यायचं ठिकाण म्हणजे एलिस बेट, तिथल्या साहेबाने आमचं नाव बदललं, हा किस्सा अमेरिकेतल्या जर्मन कुटुंबांत फार आवडीने सांगतात. पण ते बेट सुरू झालं १ जानेवारी १८९२ ला, आणि जर्मनांचं सगळ्यात मोठं वर्ष १८८२, त्या एका वर्षात अडीच लाख आले. तेव्हा उतरायची जागा मॅनहॅटनच्या टोकाला, कॅसल गार्डन. शिवाय बेटावरचा अधिकारी नाव लिहीतच नव्हता, ब्रेमेन नाहीतर हॅम्बुर्गला जहाज कंपनीने तयार केलेली यादी समोर ठेवून तो खुणा करायचा, जोडीला दुभाषे असायचे. नाव बदलायचा अधिकार त्याला मुळातच नव्हता. म्हणून त्या किस्स्यावर मी याहून जास्त शाई घालवणार नाही.

शाई घालवावी असा कारकून वेगळाच आहे, तो बसला होता वॉशिंग्टनला, १९०० च्या दशकात, आणि त्याच्यासमोर माणसं नव्हती, १७९० च्या पहिल्या शिरगणतीचे कागद होते. या शिरगणतीत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव लिहिलेलं, जन्म कुठला, मूळ कुठलं, काही नाही. काही राज्यांचे कागद तर गहाळच. तरी शिरगणतीच्या खात्याने ठरवलं की आडनावांवरून सांगू, त्या वेळचे गोरे लोक कुठल्या देशातून आलेले. मग नाव वाचायचं आणि खणात टाकायचं. जर्मन दिसतं, जर्मन. इंग्रजी दिसतं, इंग्रज. आता मिलर कुठे जाणार? इंग्रजांत. आणि एकटा मिलर नाही, जर्मन ब्राउनचा (Braun) इंग्रजी ब्राउन (Brown) झालेला होता तो गेला, युंगचा यंग झालेला होता तो गेला, श्वार्त्सचा ब्लॅक, त्सिमरमानचा कार्पेंटर, श्मिटचा स्मिथ, सगळे त्याच खणात. १९०९ मध्ये निकाल छापून आला: इंग्रज ८२.१ टक्के, जर्मन ५.६ टक्के. पेनसिल्व्हेनियातल्या कुठल्याही खेड्यातल्या जर्मन शेतकऱ्याला विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं की हे काहीतरी चुकतंय.

नुसता जुना हिशोब असता तर कोणी फार मनावर घेतलं नसतं. पण पुढे १९२१ ला अमेरिकेने स्थलांतरितांवर कोटा लावला, आधी १९१० च्या शिरगणतीवर ३ टक्के, मग १९२४ च्या कायद्यात १८९० च्या शिरगणतीवर २ टक्के. १८९० निवडायचं कारण उघड होतं, इटली आणि पूर्व युरोपचे लोक त्यानंतर मोठ्या संख्येने आले, त्यांना रोखायचं होतं. जर्मनांचं मात्र त्यात भलं झालं, कारण १८९० ला जर्मनीत जन्मलेले सुमारे २७ लाख ८५ हजार लोक अमेरिकेत होते. जर्मनीचा कोटा ५१,२२७, ब्रिटनचा ३४,००७. पण त्याच कायद्यात पुढचं एक कलम होतं, की काही वर्षांनी ही पद्धत जाऊन ‘राष्ट्रीय मूळ’ बघायचं, म्हणजे वर्षाला साधारण दीड लाख जागा, आणि १९२० च्या गोऱ्या लोकसंख्येचं मूळ ज्या प्रमाणात ज्या देशात त्या प्रमाणात वाटणी. गुलामांचे वंशज, मूळ रहिवासी, आशियाई यांना मोजायचंच नाही हे आधीच ठरलेलं (भारतीयांना तर १९१७ च्या कायद्यापासून दारच बंद होतं). आणि गोऱ्यांचं मूळ ठरवायला हाताशी काय होतं, तर १९०९ चं ते खणवार पुस्तक.

आता जर्मन आणि आयरिश दोन्हीकडच्या संघटना उठल्या, आणि खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं बरोबर होतं. १९२७ ला लागू व्हायची पद्धत अमेरिकी काँग्रेसने एकदा पुढे ढकलली, मग आणखी एकदा. दरम्यान दोन अभ्यासकांना पुन्हा हिशोब करायला बसवलं. त्यांनी शहाणपणाची गोष्ट केली, मिलरसारखी दोन्हीकडे बसणारी नावं बाजूला ठेवली आणि ज्यात संशयच नाही अशी नावं घेतली. मूळ देशात अशी नावं दर शंभर माणसांत किती असतात ते काढायचं, मग १७९० च्या कागदांत ती किती ते मोजायचं, आणि त्यावरून एकूण समाज किती मोठा असेल ते उलट काढायचं. म्हणजे म्युलरचा मिलर झाला का नाही याच्या भानगडीत पडायचंच नाही, त्याचे न बदललेले शेजारी मोजायचे. १९३१ च्या अंतिम अहवालात इंग्रज ६०.१ टक्क्यांवर उतरले, जर्मन ८.६ वर चढले, आणि एकट्या पेनसिल्व्हेनियात जर्मन तिसरा हिस्सा निघाले.

या कामाचे आकडे जसे आले तसे कोट्याच्या हिशोबात घेतले गेले, तरी शेवटी १ जुलै १९२९ पासून जे लागू झालं त्यात ब्रिटनला ६५,७२१ आणि जर्मनीला २५,९५७. आयर्लंड २८,५६७ वरून १७,८५३ वर. म्हणजे जर्मनीचा कोटा जवळपास अर्धा. आता हे सगळं मिलर इंग्रज धरल्यामुळे झालं असं काही जण ठोकून देतात, ते पटण्यासारखं नाही. मोठा फरक सूत्र बदलल्यामुळे पडला: आधी परदेशात जन्मलेले मोजत होते तिथे जर्मन भरपूर, नंतर १७९० पासूनचे सगळे पूर्वज मोजायला लागले तिथे इंग्रज भरपूर. आडनावांच्या चुकीने त्यात भर घातली, आणि ती चूक अर्धीमुर्धी दुरुस्त झाली ती आरडाओरडा झाला म्हणून. १९२८ च्या निवडणुकीत ज्याने या पद्धतीला विरोध केला त्याच राष्ट्राध्यक्षाला निवडून आल्यावर, कायद्याने बांधलेला असल्यामुळे, तिची घोषणा सही करून काढावी लागली. ती पद्धत मोडीत निघाली थेट १९६५ च्या कायद्याने.

याच्या आधीचं महायुद्ध मी मुद्दाम मागे ठेवलं, कारण नाव बदलण्याचं सगळं खापर त्याच्यावर फोडायची सवय आहे. १९१७-१८ मध्ये अमेरिकेत जर्मन असणं अवघड झालं हे खरंच. आंबवलेल्या कोबीचं नाव बदलून ‘लिबर्टी कॅबेज’ केलं, मे १९१८ मध्ये आयोवाच्या गव्हर्नरने फतवा काढला की चर्चमध्ये, आगगाडीत, टेलिफोनवरसुद्धा इंग्रजीच बोला, आणि त्याच्या महिनाभर आधी इलिनॉयमधल्या कॉलिन्सव्हिलला एका जर्मन वंशाच्या खाणकामगाराला जमावाने झाडाला लटकवून मारलं. ब्रिटनच्या राजघराण्यानेही १९१७ च्या जुलैत आपलं जर्मन नाव टाकलं, दक्षिण ऑस्ट्रेलियात तर ६९ गावांची नावं कायदा करून बदलली. पण नाव बदला असा कायदा अमेरिकेत नव्हता, आणि बदलायला कोर्टात जायची गरजही बऱ्याच ठिकाणी नव्हती, उद्यापासून मिलर लिहायला लागायचं, झालं. म्हणूनच आज नातवंडांना ‘बदलल्याचा कागद’ सापडत नाही, तो बहुतेकदा झालेलाच नसतो. आणि यातल्या अनेकांच्या घरात दीडशे वर्षांपूर्वीच मिलर झालेलं असतं.

मूळ गाव शोधणाऱ्यांचं नशीब बंदरावर अवलंबून आहे. पूर्वज हॅम्बुर्गहून निघाला असेल तर १८५० ते १९३४ च्या याद्या बऱ्याचशा शाबूत, त्यात शेवटचं राहतं गाव लिहिलेलं. ब्रेमेनहून निघाला असेल तर बोंबला, तिथल्या बहुतेक याद्या जागा नाही म्हणून नष्ट केल्या आणि उरल्या त्यातल्या बऱ्याच दुसऱ्या महायुद्धात गेल्या. आणि गाव माहीत नसेल तर जर्मनीत नुसतं म्युलर घेऊन काही होत नाही.

दुसरी फांदी पूर्वेकडे गेली. १७६३ मध्ये रशियाच्या सम्राज्ञीने जाहीरनामा काढला, व्होल्गाकाठी जमीन, करातून सूट, सैन्यभरती माफ, त्यावर काही वर्षांत तीसेक हजार माणसं गेली, त्यातही हेसेन आणि फाल्त्सचे पुष्कळ. रशियन लिपीतही ते बऱ्याचदा मिलर असंच लिहिलं गेलं. १८७० च्या दशकात सवलती काढून घेतल्या, भरती सक्तीची केली, तेव्हा काही जण कॅन्सस, नेब्रास्का, अर्जेंटिनाला निघून गेले. जे राहिले त्यांना २८ ऑगस्ट १९४१ च्या हुकुमाने सायबेरिया आणि कझाकस्तानात हलवलं, काही आठवड्यांत, हातात मावेल तेवढं घेऊन, आणि नंतर धडधाकट माणसांना श्रमछावण्यांत घातलं.

त्यांची नातवंडं १९९० च्या दशकात जर्मनीत परत यायला लागली, एकट्या १९९४ मध्ये २ लाखांवर. येताना कागदावर मिलर, कारण सोव्हिएत पासपोर्टात तेच. जर्मन कायद्यात अशा लोकांसाठी खास कलम आहे, वडिलांच्या नावावरून आलेलं मधलं रशियन नाव टाकता येतं आणि आडनावाचं जर्मन रूप घेता येतं. सक्ती नाही, ज्याची त्याची निवड, त्यामुळे थोरल्याने म्युलर घेतलं आणि धाकटा मिलरच राहिला असं सख्ख्या भावंडांत होऊ शकतं. ज्याने म्युलर घेतलं त्याला जुने शाळेचे दाखले, लग्नाची नोंद, नोकरीचे कागद मिलर नावाचे, त्यामुळे नाव बदलल्याचा सरकारी कागद फायलीत कायम वर ठेवावा लागतो. आणि नव्या जर्मन पासपोर्टात वर म्युलर बरोबर छापलेलं असलं तरी खालच्या मशीनने वाचायच्या ओळीत u वरची दोन टिंबं चालत नाहीत, तिथे यू आणि ई अशी दोन अक्षरं पडतात, म्हणजे विमानाच्या तिकिटावर आणखी तिसरंच स्पेलिंग.