मेयर म्हणजे एकहाती कारभार? खुलासा

इंग्लंडमधल्या ग्रेटर मँचेस्टरमध्ये 2017 पासून मेयर थेट निवडून येतो. तेव्हापासून समज पसरला की दहा स्थानिक कौन्सिलांच्या हाती काहीच उरलं नाही. हे चूक आहे. मेयरला स्वतःच्या खर्चाचा मसुदा 1 फेब्रुवारीपूर्वी या दहा कौन्सिलांच्या संयुक्त प्राधिकरणापुढे ठेवावा लागतो आणि तिथे कौन्सिलांचे नेतेच सदस्य असतात. मेयरने आक्षेप मानले नाहीत, तर दोन तृतीयांश मतांनी ते आकडे बदलू शकतात. मात्र प्राधिकरणाने 8 फेब्रुवारीपूर्वी आक्षेपांचा अहवाल दिला नाही, तर मसुदा मंजूर धरला जातो. मेयर आणि प्राधिकरणाचे निर्णय तपासणाऱ्या छाननी समितीत बहुमत कौन्सिल सदस्यांचं, अध्यक्ष मेयरच्या पक्षाचा चालत नाही. ती निर्णयाची अंमलबजावणी 14 दिवसांपर्यंत रोखू शकते. खरी अडचण या समितीच्या गणपूर्तीची: दोन तृतीयांश सदस्य हजर नसतील, तर बैठकच होत नाही. म्हणून प्रत्येक कौन्सिलने बदली सदस्य आधीच नेमून ठेवावेत.