डिस्कॉर्ड रेकॉर्ड्स

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन डी. सी. येथील पंक (वेगवान, रांगडे रॉक) व रॉक संगीताचे स्वतंत्र लेबल, म्हणजे मोठ्या कंपन्यांबाहेर राहून रेकॉर्ड काढणारी संस्था. स्थापना १९८०. आपल्या शहरातल्या आणि लगतच्या परिसरातल्या बँडचीच गाणी काढायची, ही मर्यादा त्याने स्वतःवर घालून घेतली आणि चार दशकांहून अधिक काळ ती पाळली. अमेरिकी पंकच्या इतिहासात याहून जास्त खपाची लेबले झाली, पण पैशाच्या व्यवहारात इतके सरळ राहिलेले दुसरे नाव सापडणे कठीण आहे.

सुरुवात एका बंद पडलेल्या बँडपासून झाली. ‘टीन आयडल्स’ हा शाळकरी वयाच्या मुलांचा बँड १९८० च्या अखेरीस फुटला, तेव्हा कार्यक्रमांतून साठलेले सुमारे ६०० डॉलर शिल्लक होते. ते वाटून घेण्याऐवजी झालेल्या ध्वनिमुद्रणाची रेकॉर्ड काढावी असे ठरले. बँडमधील इयन मकाय, जेफ नेल्सन आणि नेथन स्ट्रेजेक या तिघांनी त्यासाठी लेबल उभे केले. शहराजवळच्या रॉकव्हिल येथील रेकॉर्ड-दुकानदार स्किप ग्रॉफ यांनी रेकॉर्ड कशी छापून घ्यायची याची वाट दाखवली. ध्वनिमुद्रण डॉन झिएंतारा यांच्या आर्लिंग्टनमधील ‘इनर इअर’ स्टुडिओत झाले होते. आठ गाण्यांच्या त्या सात इंची रेकॉर्डच्या १,००० प्रती निघाल्या. कव्हर कसे बनते हे समजून घेण्यासाठी इंग्लंडमधल्या एका रेकॉर्डचे कव्हर उसवून त्याचा आकार कागदावर गिरवला गेला, आणि पुढची कव्हरे मुलांनी हाताने कापून, दुमडून, डिंकाने चिकटवली. विक्रीतून पैसे परत आले की पुढच्या बँडची रेकॉर्ड काढायची, एवढाच बेत होता. दुसरी रेकॉर्ड ‘स्टेट ऑफ अलर्ट’ या बँडची. तिचा खर्च त्याचा गायक हेन्री गारफिल्ड याने स्वतः उचलला. पुढे तो हेन्री रोलिन्स या नावाने प्रसिद्ध झाला.

मकाय आणि नेल्सन यांच्या ‘मायनर थ्रेट’ (१९८०–८३) या बँडने डिस्कॉर्डचे नाव शहराबाहेर नेले. त्यांचे ‘स्ट्रेट एज’ हे गाणे एक मिनिटही चालत नाही. दारू, सिगारेट, अमली पदार्थ यांच्यावाचून आपले काही अडत नाही, असे त्यात एक तरुण स्वतःपुरते सांगतो. ऐकणाऱ्यांनी मात्र त्याची चळवळ केली आणि तिच्यातले काही गट पुढे कमालीचे कडवे झाले. आपण कोणाला नियम घालून दिलेले नाहीत, हे मकायला त्यानंतर वर्षानुवर्षे सांगावे लागले. या पंथाची खूण असलेली हातावरची फुलीही टीन आयडल्सच्या काळातली. अल्पवयीन मुलांना दारू दिली जाऊ नये म्हणून सॅन फ्रान्सिस्कोतील एका क्लबने त्यांच्या हातांवर फुल्या काढल्या होत्या. तीच युक्ती मुलांनी घरी परतल्यावर स्थानिक क्लबला सुचवली, कारण दारू मिळाली नाही तरी चालेल, पण गाणे ऐकायला आत जाता आले पाहिजे, अशी त्यांची मागणी होती. १९८२ मध्ये ११ बँडची ३२ गाणी असलेला ‘फ्लेक्स युअर हेड’ हा संग्रह निघाला. त्या पिढीचा आवाज एका जागी ऐकायचा तर आजही तोच हाताशी घ्यावा.

पुढे कार्यक्रमांत मारामाऱ्या वाढल्या आणि जुनी मंडळी दूर होऊ लागली. १९८४–८५ च्या सुमारास त्यांनी नव्याने बँड बांधले. ‘राइट्स ऑफ स्प्रिंग’ आणि ‘एम्ब्रेस’ यांच्या गाण्यांत राग होता, पण तो स्वतःकडे वळलेला. दक्षिण आफ्रिकेच्या वकिलातीसमोर पत्रे-डबे बडवून वर्णभेदाविरुद्ध निदर्शनेही १९८५ च्या उन्हाळ्यात झाली. ‘इमो’ या नावाने पुढे पंकचा जो भावनाप्रधान प्रकार रूढ झाला त्याचे मूळ इथे सांगितले जाते. खुद्द या बँडना ते नाव कधीच रुचले नाही.

याच मंडळींतून १९८७ मध्ये ‘फुगाझी’ उभा राहिला : मकाय, गी पिचोटो, जो लॅली आणि ब्रेंडन कँटी. लेबलची तत्त्वे सर्वांत कसोशीने पाळली ती या बँडने. तिकीट साधारण ५ डॉलर, प्रवेश सर्व वयांना, टी-शर्टची विक्री नाही. रेकॉर्ड टपालखर्चासह कितीला मिळेल ते कव्हरवरच छापलेले असे, म्हणजे दुकानदाराला अवाच्या सवा भाव लावता येत नसे. कलाकारांशी लेखी करार नव्हते. खर्च वजा जाता उरणारा पैसा बँड आणि लेबल वाटून घेत. जानेवारी १९९१ मध्ये आखाती युद्धाच्या तोंडावर या बँडने व्हाइट हाउससमोरच्या बागेत युद्धाविरोधात कार्यक्रम केला. ‘रिपीटर’ (१९९०) आणि ‘दि आर्ग्युमेंट’ (२००१) हे त्यांचे महत्त्वाचे अल्बम.

नव्वदच्या दशकात मोठ्या कंपन्या पंक बँडच्या मागे लागल्या. ‘जॉबॉक्स’ आणि ‘शडर टु थिंक’ डिस्कॉर्ड सोडून गेले. करारच नसल्याने त्यांना अडवण्याचा प्रश्न नव्हता. जॉबॉक्सचा अटलांटिक कंपनीने १९९४ मध्ये काढलेला अल्बम २००९ मध्ये डिस्कॉर्डनेच पुन्हा उपलब्ध केला, हे या संबंधांविषयी पुरेसे बोलके आहे.

या परंपरेच्या उणिवाही नोंदवायला हव्यात. तेव्हा कृष्णवर्णीय बहुसंख्य असलेल्या शहरात हे वर्तुळ मुख्यतः गोऱ्या मुलांचे राहिले. ज्यांच्यापासून या मुलांनी सर्वाधिक स्फूर्ती घेतली तो ‘बॅड ब्रेन्स’ मात्र त्याच शहरातला कृष्णवर्णीय कलाकारांचा बँड होता. सुरुवातीच्या बँडमध्ये मुलीही थोड्याच होत्या. ‘ऑटोक्लेव्ह’ व ‘स्लँट सिक्स’सारखे बँड पुढच्या दशकात आले.

२००५ मध्ये नाइकी कंपनीच्या स्केटबोर्ड विभागाने मायनर थ्रेटच्या कव्हरची नक्कल करून जाहिरात केली. पायरीवर डोके खाली घालून बसलेला मुलगा, म्हणजे मकायचा भाऊ अ‍ॅलेक, हे ते चित्र. डिस्कॉर्डने जाहीर आक्षेप घेतला, तेव्हा कंपनीने माफी मागून जाहिरात मागे घेतली.

फुगाझीने २००२ नंतर कार्यक्रम केलेले नाहीत. मात्र त्यांच्या हजाराहून अधिक कार्यक्रमांपैकी ८०० हून अधिकांची ध्वनिमुद्रणे जपलेली होती. २०११ पासून लेबल ती ऑनलाइन उपलब्ध करत आले आहे. सुचवलेली किंमत ५ डॉलर असून ऐपतीप्रमाणे त्याहून कमी-जास्त देण्याची मुभा आहे.