लेझर रूट कॅनॉल: पण लेझर कोणता?

दवाखान्यांच्या पाट्यांवर हल्ली 'लेझर रूट कॅनॉल' असं ठळक लिहिलेलं असतं. वाचणाऱ्याला वाटतं, किरण आत सोडला की दात साफ. प्रत्यक्षात किरणाची तरंगलांबी बदलली की मुळाच्या आतल्या भिंतीवर होणारा परिणामच बदलतो.

ही भिंत डेंटिनची, म्हणजे दाताच्या आतल्या कठीण थराची. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या दर चौरस मिलिमीटरवर हजारो छिद्रं दिसतात. प्रत्येक छिद्र म्हणजे जेमतेम दोन-अडीच मायक्रॉन रुंदीच्या सूक्ष्मनलिकेचं तोंड, आणि जंतू तिथेच दडतात. डॉक्टर फाइल नावाच्या बारीक कानशीने कॅनॉल, म्हणजे मुळातली पोकळ नळी, घासतात तेव्हा डेंटिनचा भुगा आणि मेलेल्या ऊतींचा लगदा मिळून या तोंडांवर एक-दोन मायक्रॉनचा थर बसतो. तो स्मिअर लेअर.

एर्बियम-याग लेझरची तरंगलांबी 2940 नॅनोमीटर. पाणी नेमकं याच पट्ट्यात प्रकाश प्रचंड शोषतं. थरातल्या आणि डेंटिनमधल्या पाण्याची क्षणार्धात वाफ होते, ती फुगते आणि आजूबाजूचं खनिज उडवून लावते. यातला सर्वांत सुंदर भाग पुढेच आहे. नलिकेच्या तोंडाभोवतीच्या कड्यात खनिज जास्त, तर दोन नलिकांमधल्या डेंटिनमध्ये पाणी आणि कोलॅजन हे प्रथिन जास्त. त्यामुळे मधला भाग अधिक झिजतो, कडी उंच उरतात आणि तोंडं उघडी पडतात.

निओडिमियम-याग (1064 नॅनोमीटर) पाण्यात फारसा शोषला जात नाही. त्याच्या उष्णतेने डेंटिनचा पृष्ठभाग वितळतो, पुन्हा गोठून काचेसारखा होतो आणि पुष्कळ तोंडं बुजतात. हा प्रकाश खोलवर जातो, जंतूही मारतो. पण मुळाच्या बाहेरचं तापमान सुमारे 10 अंशांनी वाढलं तर हाडाला इजा होण्याचा धोका असतो. म्हणून फायबर, म्हणजे लेझरचा प्रकाश आत नेणारा बारीक तंतू, एका जागी न थांबवता फिरवत बाहेर काढतात.

साध्या फायबरच्या टोकातून प्रकाश मुख्यतः समोर जातो आणि भिंत असते बाजूला, त्यामुळे काही पट्टे कोरेच राहतात. म्हणूनच फाइल आणि कॅनॉल धुण्याची हायपोक्लोराइट व ईडीटीए ही द्रावणं यांची जागा लेझर घेत नाही. तो त्यांच्या जोडीला येतो. लेझरच्या पाट्यांच्या दुसऱ्या टोकाला, 'दातातला किडा' काढायला धुरी देणारे आजही भेटतात. असा किडा नसतोच, हे फ्रान्समधल्या पिएर फोशार यांनी 1728 मध्येच लिहून ठेवलं होतं. दात किडतो तो जंतूंनी तयार केलेल्या आम्लामुळे. धुरीपायी उपचार लांबतात आणि जंतू मुळापर्यंत पोचतात.

अलीकडच्या एका पद्धतीत एर्बियमचं टोक कॅनॉलमध्ये खोल घालतच नाहीत. ते दाताच्या वरच्या पोकळीत भरलेल्या धुण्याच्या द्रवात धरतात. प्रत्येक स्पंदाबरोबर वाफेचा बुडबुडा फुगतो, कोसळतो, आणि त्या धक्क्याने द्रव खालच्या वाकड्या कोपऱ्यांत घुसळला जातो.