बुद्धिगुणांक चाचण्या, ऑनलाइन

संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावर, बहुधा परीक्षकाच्या देखरेखीशिवाय सोडवल्या जाणाऱ्या आणि शेवटी बुद्धिगुणांक म्हणून एक आकडा देणाऱ्या चाचण्या. हा आकडा कोणत्या गटाशी तुलना करून, कोणत्या मापपट्टीवर आणि किती त्रुटीसह काढला, यावर त्याचा अर्थ ठरतो. या तीन गोष्टी न सांगता दिलेला बुद्धिगुणांक तांत्रिक दृष्ट्या अपुरा होय.

मापपट्टीचा उगम : आल्फ्रेद बीने व तेओदॉर सीमाँ यांच्या १९०५ च्या मापश्रेणीत गुणांक नव्हता, मानसिक वयाच्या (ज्या वयाच्या सर्वसाधारण मुलाइतके प्रश्न सुटतात ते वय) पातळ्या १९०८ च्या आवृत्तीत आल्या. मानसिक वयाला शारीरिक वयाने भागण्याची कल्पना विल्यम श्टेर्न यांची असून ती साधारणतः १९१२ मधील मानतात. हा भागाकार १०० ने गुणण्याची रीत मात्र ल्यूइस टर्मन यांच्या १९१६ च्या स्टॅनफर्ड-बीने आवृत्तीमुळे रूढ झाली. लोकप्रिय लेखनात दोन्हींचे श्रेय एकालाच दिलेले आढळते, ते ग्राह्य धरू नये.

भागाकाराची ही पद्धत प्रौढांना लागू पडत नाही, कारण मानसिक वय शारीरिक वयाबरोबर वाढत राहत नाही. टर्मन यांना प्रौढांसाठी भाजक १६ वर धरावा लागला. दुसरा दोष अधिक सूक्ष्म होता. स्टॅनफर्ड-बीनेच्या १९३७ च्या आवृत्तीत गुणांकांचे प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप) सहाव्या वर्षी सुमारे १२.५, तर बाराव्या वर्षी सुमारे २० भरले. त्यामुळे १२० हा आकडा दोन मुलांच्या बाबतीत दोन वेगळ्या अर्थांचा होई. यावर तोडगा म्हणून विचलनाधिष्ठित बुद्धिगुणांक आला : समवयस्कांची सरासरी १०० आणि प्रमाण विचलन ठरावीक. याचा मान सामान्यतः डेव्हिड वेक्स्लर यांच्या १९३९ च्या चाचणीला देतात. गॉडफ्री टॉमसन यांच्या एडिंबरोतील मोरे हाउस चाचण्यांत अशाच प्रकारचे प्रमाणित गुण आधीपासून होते, असे काही अभ्यासक दाखवतात. या म्हणण्यात तथ्य दिसते. तरी प्रौढांच्या व्यक्तिगत चाचणीत ही रीत रुजवली ती वेक्स्लर यांनीच.

आकड्याचे वाचन : वेक्स्लर श्रेणीचे प्रमाण विचलन १५ आहे. जुन्या स्टॅनफर्ड-बीने आवृत्त्यांत ते १६ होते (२००३ च्या पाचव्या आवृत्तीपासून १५), आणि कॅटेल यांच्या काही चाचण्यांत २४. म्हणून १३०, १३२ आणि १४८ हे तीन आकडे आपापल्या मापपट्टीवर एकच स्थान, म्हणजे वरचे सुमारे २ टक्के, दर्शवतात. रूपांतर सोपे आहे : गुणांकातून १०० वजा करावेत, उरलेल्या संख्येला त्या चाचणीच्या प्रमाण विचलनाने भागावे, आलेल्या उत्तराला १५ ने गुणावे आणि १०० मिळवावेत. २४ च्या पट्टीवरचे १२४ म्हणजे १५ च्या पट्टीवरचे ११५. संकेतस्थळ प्रमाण विचलन सांगत नसेल, तर शततमक (शंभरांपैकी किती जण आपल्या खाली आहेत तो आकडा) तरी दिला आहे का ते पाहावे. मापपट्टी बदलली तरी तो बदलत नाही.

१५ च्या पट्टीवर ८५ ते ११५ या पट्ट्यात सुमारे ६८ टक्के लोक येतात. १४५ च्या वर सुमारे ७४० पैकी एक, आणि १६० च्या वर ३१ हजारांहून अधिक लोकांमागे एक. वेस (वेक्स्लर प्रौढ चाचणी) या मालिकेतील २००८ ची चौथी आवृत्ती अमेरिकेत १३ वयोगटांतल्या २,२०० व्यक्तींवर प्रमाणित झाली आणि तिचे गुण १६० वर थांबतात. अशा स्थितीत एखाद्या संकेतस्थळाने १७५ देणे म्हणजे आलेख कागदाबाहेर ओढणे होय.

प्रमाणक व त्रुटी : ऑनलाइन चाचण्यांची कमकुवत बाजू कोड्यांपेक्षा प्रमाणकांत, म्हणजे ज्या गटाच्या गुणांशी तुलना होते त्या आकड्यांत, असते. चाचणी शोधून सोडवणारा वर्ग स्वतःहून आलेला असतो, आणि कठीण वाटताच मध्येच सोडून जाणाऱ्यांची नोंद बहुधा गळते. उरलेल्यांची सरासरी सामान्य लोकसंख्येहून वरची असेल, तर तिलाच १०० मानल्यावर गुणांक प्रत्यक्षापेक्षा कमी येतो. फुगवलेल्या आकड्यांची तक्रार सर्वत्र ऐकू येते, पण चूक अशी उलट्या दिशेनेही होते. एकाच व्यक्तीचे अनेक प्रयत्न वेगवेगळे मोजले गेले की हिशेब आणखी बिघडतो. वय न विचारणारी चाचणी तर समवयस्कांशी तुलनाच करत नाही; आकृतींवरील तर्काचे कच्चे गुण (बरोबर उत्तरांची संख्या) प्रौढपणी उतरत जातात, त्यामुळे वयस्करांवर अन्याय होतो.

मापनाची प्रमाण त्रुटी म्हणजे प्रमाण विचलन गुणिले (१ वजा विश्वसनीयता) याचे वर्गमूळ; विश्वसनीयता म्हणजे चाचणीचे गुण किती स्थिर आहेत याचे ० ते १ मधील माप. विश्वसनीयता ०.९६ असेल तर त्रुटी ३, ०.८४ असेल तर ६. ०.८४ विश्वसनीयतेच्या चाचणीत ११५ मिळवणाऱ्याची ९५ टक्के कक्षा (खरा गुणांक ९५ टक्के खात्रीने जिच्यात असावा ती) साधारण १०३ ते १२७ इतकी रुंद होते. चाचणी आखूड असली की एकेका प्रश्नाचे वजनही वाढते : २० प्रश्नांत कच्च्या गुणांचे प्रमाण विचलन ३ असेल, तर चुकून दुसऱ्या पर्यायावर पडलेले एक बोट ५ गुणांक घेऊन जाते. सहा पर्यायांच्या ३५ प्रश्नांत निव्वळ अंदाजाने सहाच्या आसपास उत्तरे बरोबर येतात, हेही ध्यानात घ्यावे.

आशय : बहुतेक ऑनलाइन चाचण्या जॉन रेव्हन यांच्या १९३८ च्या आकृतिबंध चाचणीच्या वळणावर बेतलेल्या असतात : तीन गुणिले तीनची चौकट, नववे घर रिकामे. ओळीतील चिन्हांची बेरीज, फिरवणे, दोन्हींत समान असेल ते खोडणे, असे मोजके नियम पुनःपुन्हा येतात. ते एकदा उमगले की दुसऱ्या प्रयत्नात गुण वाढतात. ती वाढ सरावाची असते. वेक्स्लर प्रौढ चाचणीच्या चौथ्या आवृत्तीत शब्दसंग्रह, अंकस्मृती, अंकगणित, संकेतलेखन अशा दहा मुख्य उपचाचण्या असतात, त्यांपैकी आकृतिबंध ही एकच. त्यामुळे पूर्ण गुणांकाशी ऑनलाइन आकड्याचा मेळ ढोबळच बसतो.

सोडवण्याची स्थिती : मोठा पडदा, शांत जागा आणि पहिलाच प्रयत्न ग्राह्य धरावा. लहान पडद्यावर बारीक ठिपके व रेषा निसटतात. चित्र उतरण्याआधीच घड्याळ सुरू होत असेल, तर मंद जोडणीचा फटका गुणांना बसतो.

मान्यता : आंतरराष्ट्रीय चाचणी आयोगाच्या २००५ च्या मार्गदर्शक सूचनांत चाचणीचे खुली, नियंत्रित, पर्यवेक्षित व व्यवस्थापित असे चार प्रकार केले आहेत. निःशुल्क संकेतस्थळे बहुतांशी पहिल्यात मोडतात, जिथे उत्तरे कोण देतो हेही पडताळले जात नाही. म्हणून बौद्धिक अक्षमतेच्या निदानासाठी ती चालत नाहीत. तिथे व्यक्तिगत चाचणीबरोबर दैनंदिन समायोजनाचेही मापन लागते आणि ७० च्या सीमेभोवती ६५ ते ७५ अशी त्रुटीची जागा सोडली जाते. संशोधनासाठी खुली ठेवलेली आंतरराष्ट्रीय बोधनक्षमता स्रोत ही प्रश्नपेढी (२०१४) वेगळ्या तोडीची आहे : अक्षर-अंकमाला, आकृतिबंध, शाब्दिक तर्क व त्रिमितीय घनांचे भ्रमण अशा चार प्रकारांचे ६० प्रश्न तिच्यात असून त्यांची सांख्यिकीय गुणवैशिष्ट्ये प्रसिद्ध आहेत. ती मात्र गटांच्या अभ्यासासाठी आहे, एकेकट्याला गुणांक देण्यासाठी नव्हे.