फ्लोरोसंट स्क्रीन छपाई (कपड्यांवरील), गोवा

फ्लोरोसंट स्क्रीन छपाई : चौकटीवर ताणलेल्या बारीक जाळीतून स्क्वीजीच्या (रबरी पट्टीच्या) दाबाने शाई कापडावर उतरवणे म्हणजे स्क्रीन छपाई. या पद्धतीत प्रतिदीप्त रंगद्रव्याची शाई वापरली की डोळ्यांत भरणारे पिवळे, पोपटी, नारिंगी आणि राणी रंग मिळतात. बाजारात त्यांना फ्लोरोसंट किंवा नियॉन रंग म्हणतात. गोव्यात किनाऱ्यावरच्या कपड्यांच्या दुकानांपासून दिवाळीत नरकासुराचा पुतळा काढणाऱ्या मंडळांच्या टी-शर्टांपर्यंत ही छपाई सगळीकडे दिसते. तिला नुसती भडक रंगांची छपाई समजून काम केले तर ते बिघडते. ही शाई प्रकाशाचे रूपांतर करते आणि छपाईच्या खोलीतले तिचे जवळजवळ सगळे नियम या एका गोष्टीतून निघतात.

साधा लाल रंग आपल्यावर पडलेल्या प्रकाशातला लाल भाग परत पाठवतो आणि उरलेला शोषून त्याची उष्णता करतो. तो कितीही शुद्ध असला तरी आला त्याहून जास्त लाल प्रकाश तो देऊ शकत नाही. प्रतिदीप्त रंगद्रव्य अतिनील, जांभळा आणि निळा असा आखूड तरंगांचा प्रकाश शोषते आणि त्या ऊर्जेचा मोठा भाग काही अब्जांश सेकंदांतच हिरव्या, पिवळ्या किंवा नारिंगी प्रकाशाच्या रूपात बाहेर टाकते. नेहमीच्या परावर्तनात ही भर पडते, म्हणून त्या ठरावीक छटेत कापडावरून येणारा प्रकाश पडलेल्या प्रकाशाहून जास्त भरतो. सूर्य मावळल्यावर आकाशाचा उजेड निळसर होतो तेव्हा हे रंग पेटल्यासारखे दिसतात ते यामुळेच. जुन्या सोडियम दिव्याखाली मात्र तोच टी-शर्ट मळकट वाटतो, कारण त्या पिवळ्या उजेडात शोषायला निळा प्रकाश जवळपास नसतोच.

या घटनेचा शास्त्रशुद्ध अभ्यास जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी १८५२ मध्ये मांडला. स्क्रीन छपाईचे पेटंट मँचेस्टरच्या सॅम्युएल सायमन यांनी १९०७ मध्ये घेतले. दिवसाच्या उजेडातही झळकणारे रंग कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या रॉबर्ट आणि जोसेफ स्विट्झर या भावांनी १९३० च्या दशकात केलेल्या प्रयोगांतून पुढे आले. पुढे त्यांची कंपनी क्लीव्हलँडमध्ये डे-ग्लो या नावाने प्रसिद्ध झाली. दुसऱ्या महायुद्धात विमानांना खुणा करण्याच्या कापडी पट्ट्यांसाठी हे रंग वापरले गेले. फॅशन नंतर आली, आधी गरज होती ती लांबून दिसण्याची.

रंगद्रव्याची घडण समजून घ्यायला हवी. ऱ्होडामिनसारखा रंग पारदर्शक राळेत विरघळवून ती राळ घट्ट करतात आणि मग दळून तिची बारीक भुकटी करतात. रंगाचे रेणू राळेत एकमेकांपासून दूर राहतात म्हणून झळकतात. ते फार दाट झाले की एकमेकांची झळाळी मारतात. त्यामुळे डब्यात आणखी रंगद्रव्य ओतले की रंग आणखी उजळेल हा समज चुकीचा आहे. भुकटीचे कण साध्या रंगद्रव्यापेक्षा मोठे असतात, राळ उष्णतेने आणि काही द्रावकांनी मऊ पडते आणि शाई अर्धपारदर्शक राहते. कारागिराला पुढे ज्या अडचणी येतात त्यांतल्या बहुतेक या तीन गुणांतून येतात.

गिऱ्हाईक दुकानात येऊन सरसकट 'रेडियम प्रिंट' मागते. त्या एका मागणीत तीन वेगळ्या वस्तू असू शकतात, म्हणून चांगला छपाईवाला आधी कपडा कुठे वापरायचा ते विचारतो. फ्लोरोसंट शाईला त्या क्षणी उजेड लागतो. अंधारात हिरवट चमकणारी शाई उजेड साठवून हळूहळू सोडते आणि तिच्यात स्ट्राँशियम ॲल्युमिनेटसारखे पदार्थ असतात. तिसरी शाई परावर्तक, तिच्यातले काचेचे सूक्ष्म मणी गाडीचा झोत आल्या दिशेने परत पाठवतात. यांतल्या कशातही किरणोत्सारी रेडियम नसते. फरक महत्त्वाचा आहे तो जिवाच्या प्रश्नात. रात्री रस्त्यावर काम करणाऱ्याला किंवा आषाढी वारीला पायी निघालेल्या दिंडीला नुसता फ्लोरोसंट टी-शर्ट पुरत नाही. हेडलाइटच्या उजेडात त्याची झळाळी फारशी उरत नाही, तिथे परावर्तक पट्टी हवीच. दिवसा, धुक्यात आणि तिन्हीसांजेला मात्र फ्लोरोसंटसारखे दुसरे काही नाही. म्हणूनच दृश्यमान सुरक्षा कपड्यांच्या ईएन आयएसओ २०४७१ या मानकात फ्लोरोसंट कापड आणि परावर्तक पट्टी या दोन्हींची अट आहे.

कारखान्यात. पांढऱ्या सुती टी-शर्टवर फ्लोरोसंट शाई थेट मारता येते. काळ्या किंवा गडद निळ्या कापडावर ती तशीच मारली तर अर्धपारदर्शक थरातून खालचा काळा रंग प्रकाश गिळून टाकतो आणि राणी रंगाचा विटका किरमिजी होतो. म्हणून आधी पांढरा बेस मारतात, तो हीट गनने किंवा फ्लॅशने (वरून ताप देणाऱ्या यंत्राने) स्पर्शाला कोरडा करतात आणि मग वर रंग चढवतात. बेस गुळगुळीत आणि भरीव असला तर रंगातून खाली गेलेला प्रकाश परत वर येतो. रंग उजळ दिसतो त्यात निम्मे काम या पांढऱ्याचे असते. बेस वाचवून काळ्या टी-शर्टवर नियॉन छापून देणे ही गिऱ्हाइकाची फसवणूकच आहे, दोन धुण्यांत ती उघडी पडते. काही जण बेसचा एक हात वाचवण्यासाठी फ्लोरोसंट शाईतच पांढरी शाई मिसळतात. पांढऱ्यातले टायटॅनियम डायऑक्साइड अतिनील प्रकाश स्वतःच शोषते, त्यामुळे रंग दुधट आणि निर्जीव होतो. पांढरा खाली असावा, आत नसावा.

जाळी जाड, म्हणजे मोठ्या छिद्रांची लागते, साधारण इंचाला ११० ते १६० धागे. बारीक जाळीत मोठे कण अडकतात आणि थर पातळ पडतो. पण जाड जाळी आणि जाड थर घेतला की देवनागरी अक्षराची कसोटी लागते. अनुस्वाराचा ठिपका शिरोरेषेला चिकटतो, 'ळ'ची पोटे भरतात, 'ध' आणि 'घ' यांतला फरक पुसट होतो आणि जोडाक्षरे तर गोळाच होऊन बसतात. रोमन अक्षरांच्या मापाने आखलेले डिझाइन तसेच्या तसे मराठीत घेतले की हा घोळ हमखास होतो. त्यावर उपाय ट्रेसिंग (डिझाइनची पारदर्शक कागदावरची प्रत) काढण्याआधीच करावा लागतो. मोकळ्या पोटाचा, एकसारख्या जाडीचा टाइप निवडावा, अक्षर मोठे घ्यावे, मात्रा आणि अनुस्वार शिरोरेषेपासून थोडे वर उचलावेत. पांढऱ्या बेसची पॉझिटिव्ह (स्क्रीन बनवण्यासाठीची पारदर्शक प्रत) रंगाच्या पॉझिटिव्हपेक्षा केसभर आत घ्यावी, म्हणजे सेटिंग थोडे हलले तरी अक्षराच्या कडेने पांढरी रेघ डोकावत नाही. मंडळाचे नाव छातीवर वाचता आले नाही तर रंग कितीही झळकला तरी उपयोग नाही. गोव्यातल्या मराठी मंडळांच्या टी-शर्टांवर या बाबतीत अजून पुष्कळ सुधारणा व्हायला हवी.

रंगाच्या जोड्याही जपून लावाव्या लागतात. पिवळ्यावर राणी चढवली की चांगला नारिंगी मिळतो. हिरवा आणि राणी एकत्र आले की मळका तपकिरी होतो. निळ्या छटेत दिवसाउजेडी ही झळाळी सर्वांत कमी जाणवते. नमुना मोबाइलच्या पडद्यावर पाहून पसंत करू नये, कारण पडद्याला किंवा नेहमीच्या चार रंगांच्या छपाईला हे रंग दाखवताच येत नाहीत. पँटोन या रंगांच्या प्रमाण-यादीत ८०१ ते ८०७ हे क्रमांक नियॉन छटांचे आहेत. पण खरी पसंती त्याच कापडाच्या तुकड्यावर छापून, उन्हात नेऊनच करावी.

शाई मुख्यतः दोन प्रकारची असते. पाण्यावर आधारलेल्या शाईत बायंडर (रंग कापडाला धरून ठेवणारे द्रव्य) घालतात. ती कापडात मुरते, हाताला मऊ लागते, पण तिचा थर पातळ राहतो. प्लास्टिसॉल म्हणजे पीव्हीसीचे कण आणि त्यांना मऊ करणारे तेलकट द्रव्य. तिचा थर भरीव बसतो, म्हणून फ्लोरोसंट रंग तिच्यात अधिक खुलतो. ती हवेवर वाळत नाही. सगळा थर साधारण १६० अंश सेल्सियसपर्यंत तापला तरच पक्की होते. तापमान कमी पडले तर धुताना चिरते, जास्त झाले तर राळ मऊ होऊन रंग बाहेर सरकतो आणि झळाळी उतरते.

गोव्याच्या पावसाळ्यात हेच गणित अवघड होते. जून ते सप्टेंबर हवेत ओल असते आणि सुती कापड ती ओढून घेते. ओल्या कापडावर दिलेली उष्णता आधी पाणी उडवण्यात खर्च होते, म्हणून फेब्रुवारीत पुरणारा वेळ जुलैत पुरत नाही. स्क्रीनवर लावलेले इमल्शनही (डिझाइन उमटवण्यासाठीचा प्रकाशसंवेदी लेप) वरून कोरडे वाटते आणि आतून ओले राहते. मग एक्स्पोजर (प्रकाश देऊन लेप पक्का करणे) कच्चे होते आणि छपाई चालू असतानाच जाळीवर पिन होल, म्हणजे बारीक छिद्रे पडतात. छपाईआधी कापड एकदा तापवून घेणे आणि स्क्रीन बंद, कोरड्या, अंधाऱ्या कपाटात ठेवणे याला पर्याय नाही. एप्रिल-मे महिन्यांत उलटे होते, पाण्याची शाई जाळीवरच सुकून छिद्रे बुजवते.

फुटबॉलच्या जर्सीचा प्रश्न निराळा आहे आणि गोव्यात तो रोजचा आहे. जर्सी पॉलिएस्टरची असते आणि तिचा स्वतःचा रंग उष्णतेने वाफ होऊन वर चढतो. लाल जर्सीवर पांढरा बेस दिला तर तो गुलाबी होतो आणि त्यावरचा फ्लोरोसंट पिवळा नारिंगीकडे झुकतो. कधी हा बदल छपाईनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसतो, माल क्लबला पोचवून झाल्यावर. म्हणून कमी तापमानाला पक्की होणारी शाई आणि खाली रंग अडवणारा करडा बेस वापरतात.

गोव्यातील वापर. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून हणजूण, वागातोर, हरमल या भागांत परदेशी हिप्पी येऊन राहू लागले. हणजूणचा बुधवारचा बाजार त्यांच्यापासून सुरू झाला. पुढे १९८० नंतर किनाऱ्यावरच्या रात्रीच्या मेळ्यांतून गोवा ट्रान्स संगीत घडले आणि त्याच्याबरोबर अतिनील दिव्यांखाली झळकणारी सजावट आली. ओंकार, शंकर, गणपती, मंडले आणि सर्पिल आकृत्या फ्लोरोसंट रंगांत कापडी पडद्यांवर रंगवल्या जात. तीच नक्षी टी-शर्टांवर उतरली आणि किनाऱ्यावरच्या दुकानांत आजही विकली जाते. अतिनील दिवा डोळ्यांना फारसा न दिसणारा प्रकाश देतो, त्यामुळे आजूबाजूला अंधार आणि कपड्यावर फक्त छपाई असा देखावा तयार होतो. पांढरा टी-शर्टही त्या दिव्याखाली निळसर उजळतो, कारण कापडात आणि धुण्याच्या पावडरीत प्रतिदीप्त उजळक असतात. म्हणून अशा कार्यक्रमांसाठी काळा कपडा निवडतात.

स्थानिक मागणीचे वेळापत्रक मात्र पर्यटनापेक्षा सणांवर चालते. चतुर्थीची सार्वजनिक मंडळे, दिवाळीच्या आदल्या रात्रीचे नरकासुर, शिगमोत्सवातले रोमटामेळ (ढोल-ताशांवर नाचणारी पथके), कार्निव्हलची पथके, वाड्यावाड्यांतले क्रिकेट आणि फुटबॉलचे सामने, यांना एका रंगाचे, नाव छापलेले टी-शर्ट लागतात आणि ते नेहमी अगदी शेवटच्या आठवड्यात लागतात. नरकासुराची मिरवणूक रात्री निघून पहाटे दहनाने संपते, त्यामुळे तिथे नियॉन रंगाला विशेष मागणी. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या तालुक्यांत मंडळांची नावे आणि घोषवाक्ये बहुधा मराठीत असतात. कोरे टी-शर्ट तमिळनाडूतल्या तिरुपूरसारख्या विणकाम केंद्रांतून येतात. छपाई म्हापसा, पणजी, मडगाव, फोंडा इथल्या लहान दुकानांत, बहुतेक वेळा एकाच टेबलावर हाताने होते.

टिकाऊपणा. प्रकाशावर चालणारा हा रंग प्रकाशानेच मरतो. शोषलेल्या ऊर्जेतली थोडी दर वेळी रेणूच तोडते. रंगाचा उन्हातला पक्केपणा मोजण्याच्या १ ते ८ या मापपट्टीवर फ्लोरोसंट रंग खालच्या पायऱ्यांवर असतात. पिवळा आणि राणी मिळून बनलेल्या नारिंगीत एक रंग आधी जातो आणि छटाच पालटते. किनाऱ्यावरच्या दुकानात बाहेर टांगलेला टी-शर्ट विकला जाण्याआधीच एका बाजूने विटलेला असतो, तो घेऊ नये. कपडा उलटा करून थंड पाण्यात धुवावा, सावलीत वाळवावा आणि छपाईवर थेट इस्त्री फिरवू नये. रंगाचा जाड थर आणि वर रंगहीन संरक्षक थर दिला तर आयुष्य थोडे वाढते, पण साध्या रंगद्रव्याइतके होत नाही. विकणाऱ्याने हे आधी सांगायला हवे.

कचऱ्याकडे या धंद्यात पुरेसे लक्ष दिले जात नाही आणि गोव्यात ते द्यायलाच हवे. इथे घराशेजारी विहीर आणि तिच्यापासून थोड्या अंतरावर सांडपाण्याचा शोषखड्डा ही नेहमीची मांडणी आहे. जुन्या पद्धतीच्या इमल्शनमध्ये डायक्रोमेट असते. त्यातले क्रोमियम विषारी आणि कर्करोगकारक आहे. ते धुऊन शोषखड्ड्यात सोडणे म्हणजे शेजाऱ्याच्या पाण्यात सोडणे. क्रोमियम नसलेली डायझो किंवा प्रकाशबहुलकाची (फोटोपॉलिमरची) इमल्शने सहज मिळतात, तीच वापरावीत. उरलेली प्लास्टिसॉल मोरीत न ओतता तापवून घट्ट करावी आणि घन कचऱ्यात द्यावी. स्क्रीनवरची शाई आधी पट्टीने खरवडून डब्यात परत भरली तर धुण्याचे पाणी तर कमी होतेच, पण महागडी शाईही वाचते.

अलीकडे फिल्मवर डिजिटल छापून इस्त्रीने चिकटवण्याची डीटीएफ पद्धत लहान दुकानांत पसरली आहे आणि तिच्यासाठी फ्लोरोसंट शाईही मिळते. पाच-दहा नगांच्या मागणीला ती सोयीची, कारण स्क्रीन बनवण्याचा खर्च वाचतो. शंभर-दोनशे टी-शर्टांची मागणी असली, रंग दोन-तीनच असले आणि झळाळी लांबून दिसायला हवी असली तर पांढऱ्या बेसवरच्या जाड थराची स्क्रीन छपाईच आजही स्वस्त आणि सरस ठरते.